जुन्या फायबरच्या बोटीचा निळा रंग खडूसारखा झालाय, चमक परत येईल का?

निळीबोट

नमस्कार मंडळी,

बाबांची फायबरची बोट आता माझ्याकडे आली आहे. साडेपाच मीटर लांब, बाहेरून गडद निळी, आतून आणि डेकवर पांढरी. वय २६ वर्षं. शेवटची सहा वर्षं ती ट्रेलरवरच उभी होती. ताडपत्री होती, पण फक्त वरून. बाजू उघड्याच राहिल्या आणि उजव्या बाजूवर दुपारनंतरचं ऊन रोज थेट पडायचं.

डावी बाजू निस्तेज झाली आहे, तरी निळी म्हणता येते. उजवी बाजू मात्र फळ्यावरचा खडू ओल्या फडक्याने अर्धवट पुसावा तशी दिसते. हात टेकला की तळव्याला निळसर पावडर लागते. परवा काळा टी-शर्ट घालून तिला टेकून उभी राहिले तर पाठीवर पूर्ण पट्टा उमटला.

मी आधी साबणाने धुतली, मग गाडीचं पॉलिश हाताने लावलं, त्यावर वॅक्स. त्या संध्याकाळी लहानपणी बघितलेला निळा रंग परत दिसला आणि मला भरून आलं. तीन आठवड्यांत पुन्हा होती तशी. दुसऱ्यांदा सगळं केलं, ते तर त्याहून कमी टिकलं.

अजून एक. बाजूवर बोटीचं नाव होतं, बाबांनी स्वतः अक्षरं कापून चिकटवलेलं. ती वाळून कडा उचलायला लागली होती, म्हणून हेअर ड्रायरने गरम करून काढली. त्याखाली मूळ निळा रंग जसाच्या तसा आहे. त्यामुळे आता पांढरट बाजूवर गडद निळ्या अक्षरांत नाव अजून वाचता येतं.

मशीनने घासायचं असेल तर किती खोल जायचं? भोक पडेल अशी भीती वाटते. की घासायच्या भानगडीत न पडता सरळ रंगच मारून घ्यावा? ज्यांनी स्वतःच्या हाताने केलंय त्यांनी सांगावं.

काठावरचा

एक गोष्ट आधीच सांगतो. कुणीतरी तुम्हाला अ‍ॅक्रिलिकचं पातळ द्रावण सुचवेल, फडक्याने पाच-सहा हात द्यायचे, घासायची गरज नाही वगैरे. मी लावलं होतं. पहिला सीझन बोट काचेसारखी दिसली. दुसऱ्या सीझनला ते पिवळं पडलं आणि ऊन लागून सोललेल्या कातडीसारखं पापुद्र्यांनी सुटायला लागलं. काढायला मला दोन दिवस लागले, आणि खालचा खडू जिथल्या तिथेच होता. पावडर धरलेल्या पृष्ठभागावर काहीच टिकत नाही.

साचेवाला

ताई, मी वीस वर्षं फायबरच्या साच्यांवर काम करतोय. थोडं लांबेल, पण मशीनला हात लावण्याआधी पूर्ण वाचा.

तुमच्या बोटीवर दिसतो तो निळा कुणी ब्रशने किंवा गनने बाहेरून मारलेला नाही. फायबरची बोट बाहेरून आत अशी बनते. आधी आरशासारखा घासलेला साचा. त्याला वॅक्स, म्हणजे बोट सुटून यावी. मग पहिला थर जेलकोटचा, म्हणजे पॉलिएस्टर रेझिन (घट्ट होणारा राळेसारखा द्रव) आणि त्यात कालवलेला रंग. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. तो चिकट असतानाच मागून काचेची मॅट आणि रेझिन, थरावर थर. सगळं घट्ट झालं की बोट साच्यातून काढायची. नव्या बोटीची चकाकी ही त्या साच्याची उमटलेली चकाकी असते.

उन्हातले अतिनील किरण या जेलकोटच्या अगदी वरच्या पापुद्र्यातलं रेझिन तोडत जातात. रेझिन गेलं की त्याने धरून ठेवलेले रंगाचे कण सुटे होतात. तुमच्या टी-शर्टला लागले ते हेच. वरचा भाग खडबडीत झाला की उजेड सरळ परत येत नाही, विखुरतो, म्हणून पांढरट दिसतं. वॅक्सने ते बारीक खळगे तात्पुरते भरले आणि निळा दिसला. पण वॅक्सला धरायला खाली घट्ट काही नव्हतंच. पावडर गळाली तसं तिच्यासोबत वॅक्सही गेलं. तुमच्या मेहनतीत काही खोट नव्हती, क्रम चुकला एवढंच. पांढऱ्या डेकचंही हेच झालं असणार, पांढऱ्यावर पांढरं म्हणून डोळ्याला दिसत नाही. काळं फडकं फिरवून बघा.

आता तपासणी. स्पंजने उजवी बाजू ओली करा आणि पाणी असेपर्यंत नीट बघा. ओली असताना सगळीकडे एकसारखा गडद निळा दिसला आणि सुकताना पांढरट होत गेला, तर खाली जेलकोट शाबूत आहे आणि चमक परत येईल. ओली असतानाही मध्येच फिकट ढग दिसले, किंवा काचेच्या मॅटचे धागे जाणवले, तर तिथे थर संपत आलाय. तिथे घासायचं नाही.

थर किती उरलाय हे बघायची माझी पद्धत अशी. कडेच्या रबर पट्टीचा किंवा दोर बांधायच्या खुंटीचा एखादा स्क्रू काढा आणि भोकाच्या काठावर टॉर्च तिरका धरा. फळाची साल दिसते तशी निळ्या थराची जाडी दिसते, मागे हिरवट काच. २६ वर्षांच्या बोटीवर आधी कुणी किती वेळा मशीन फिरवलंय हे कुणी लिहून ठेवत नाही, पण ते भोक सांगतं. जेलकोट ही एकदाच मिळालेली पुंजी आहे, आणि प्रत्येक घासकाम त्यातून थोडं खर्च करतं. म्हणून मी नेहमी कमीत कमी घासून काम भागतंय का हे आधी बघतो.

घासण्याआधी जुनं वॅक्स पूर्ण निघालं पाहिजे. हे बहुतेक जण गाळतात आणि पुढे रडतात, कारण पेपर फिरला की ते वॅक्स उघड्या पडलेल्या बारीक छिद्रांत दाबलं जातं. डीवॅक्सरने, म्हणजे वॅक्स विरघळवणाऱ्या द्रावणाने पुसायचं, दोन फडकी घेऊन. एकाने ओलं करायचं, दुसऱ्या कोरड्याने ते उडून जायच्या आत उचलायचं. फडकी सारखी बदला, नाहीतर इकडचं वॅक्स तिकडे लागतं. शेवटी पाणी मारा. पाण्याचे मणी झाले तर वॅक्स अजून आहे, पाणी पसरून पडदा झाला तर निघालं. पाण्याच्या रेषेवर पिवळट-तपकिरी डाग असतील तर ते घासून काढू नका, ऑक्झॅलिक अ‍ॅसिड असलेल्या क्लीनरने जातात. हातमोजे, चष्मा घाला आणि नंतर भरपूर पाणी मारा. ट्रेलरच्या जस्त चढवलेल्या लोखंडावर ते पडू देऊ नका. पाण्याच्या रेषेखाली अँटीफाउलिंगचा, म्हणजे शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून देतात तो रंग असेल तर त्यावर कोरडा पेपर कधीच मारायचा नाही, त्याची धूळ विषारी असते.

मग उजव्या बाजूवर मध्यभागी, कुठल्याही कडेपासून लांब, टेपने एक फूट बाय एक फूट चौकोन आखा. आधी नुसत्या कंपाउंडने, म्हणजे घासून चमक आणायच्या पेस्टने प्रयत्न करा. जमलं तर पेपरची गरजच नाही. नाही जमलं तर १००० नंबरचा वॉटर पेपर, मग कंपाउंड. तेही कमी पडलं तर जास्त खरखरीत ८००, आणि अगदीच झालं तर ६००. तुमच्या वर्णनावरून उजवी बाजू ८०० मागेल असं मला वाटतं.

वॉटर पेपर तासभर पाण्यात भिजत घाला. बादलीत भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. रबराचा ब्लॉक वापरा, नुसत्या बोटांनी दाबलंत तर बोटांच्या रेघोट्या उमटतात आणि त्या चमक आल्यावरच दिसतात. घासण्याआधी पेन्सिलने हलक्या हाताने जाळी काढा. जाळी पुसली गेली की त्या नंबरचं काम झालं, पुढचा नंबर. प्रत्येक नंबरला दिशा बदला, एकदा आडवं, एकदा तिरकं, म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. ८००, १०००, १५००. सुरुवातीला खाली ओघळणारं पाणी दुधाळ निळं असेल आणि पेपर नुसता सरकेल. थोड्या वेळाने पाणी गडद होतं, पेपर किंचित धरायला लागतो आणि आवाज बारीक होतो. तो आवाज आला की घट्ट जेलकोटवर पोचलात. तिथेच थांबायचं.

मशीन फिरणारं घ्या, वेग मिनिटाला साधारण १२०० फेरे. लोकरी पॅड, वर चार-पाच ठिपके कंपाउंड, एका वेळी दोन फूट बाय दोन फूट. वायर खांद्यावरून मागे टाका. मशीन सतत हलतं ठेवा आणि मधूनमधून हाताची पाठ लावून बघा. ती आरामात टेकवता आली पाहिजे. गडद रंग उष्णता जास्त धरतो, म्हणून काम सावलीतच करा. पॅड भरला की साफ करा, भरलेला पॅड फक्त तापवतो. त्यानंतर फोम पॅडवर बारीक पॉलिश, आणि मग वॅक्सचे दोन हात.

कडांबद्दल वेगळं सांगतो, कारण माझ्या हातून झालंय. एका लाल बोटीची मागची फळी जवळजवळ पूर्ण झाली होती. शेवटच्या कोपऱ्यावर पॅड वळवताना मशीन क्षणभर तिथेच राहिलं. उचललं तेव्हा नखाएवढी हिरवट काच दिसत होती, तिच्याभोवती गुलाबी कडा. साच्यात कोपऱ्यांवर जेलकोट मुळातच कधी पातळ बसतो, आणि पॅडचा सगळा दाब कडेवर येतो. मालकाला मी स्वतः बोलावून दाखवलं. जेलकोट कालवून भरला, घासला, पण जुन्या उन्हात उतरलेल्या लालशी नवीन लाल जुळवताना पाच नमुने करावे लागले. त्या दिवसापासून मी प्रत्येक कडेवर आणि कोपऱ्यावर टेप लावतो, टेपपर्यंत मशीन, आणि टेप काढून कडा हाताने.

नावाचं म्हणाल तर अक्षरांवर बोट फिरवा, बारीक कडा जाणवेल. अक्षरांखालचा जेलकोट झिजलेला नाही, बाजूचा झिजलाय. घासल्यावर ती कडा जाईल. रंगातला फरक पूर्ण जाईलच असं सांगता येत नाही.

दुहेरीरंग

साचेवाल्यांनी सांगितलं ते सगळं खरं, पण रंगाचा प्रश्न राहिला म्हणून लिहिते. आमच्या बोटीला आधीच्या मालकाने इतक्या वेळा मशीन मारलं होतं की नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाशी, मॅटचे धागे सरळ दिसत होते. अशा वेळी पॉलिशच्या मागे लागून उपयोग नाही. आम्ही दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग दिला आणि मला पश्चात्ताप नाही. पण घासकाम वाचेल म्हणून रंगाकडे वळत असाल तर तसं होत नाही. रंगाआधी डीवॅक्स, घासणं, प्रत्येक तडा आणि टाचणीएवढं भोक भरणं, एपॉक्सी प्रायमर, परत घासणं. चकचकीत रंग खालचा एकूण एक खड्डा दाखवतो, खडू झालेल्या बाजूवर जे दिसत नव्हतं तेही.

आम्ही दोघांनी मिळून केलं. एकाने फोमच्या रोलरने पातळ थर द्यायचा, दुसऱ्याने लगेच मागून मऊ ब्रशचं नुसतं टोक फिरवून बुडबुडे मोडायचे. मध्ये थांबायचं नाही. सकाळी लवकर सुरू करा, कारण संध्याकाळचं दव ओल्या थरावर बसलं की चमक मरते. आमची एक बाजू अशीच गेली, परत घासून परत मारली. आणि कृपा करून स्वतः स्प्रे करू नका. या रंगाच्या हार्डनरमध्ये, म्हणजे तो घट्ट करणाऱ्या दुसऱ्या घटकात, आयसोसायनेट नावाची घातक रसायनं असतात, फवाऱ्यात ते फुफ्फुसात जातात. स्प्रेसाठी बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो, साधा कापडी मास्क तिथे काहीच करत नाही. रोलरने करतानाही हवा खेळती ठेवा, हातमोजे आणि योग्य फिल्टरचा मास्क घाला.

एकदा एपॉक्सी प्रायमर आणि रंग झाला की जेलकोटकडे परत जाणं अवघड. एपॉक्सीवर पॉलिएस्टर जेलकोट नीट धरत नाही. त्यामुळे ओल्या स्पंजवर तुमची बाजू एकसारखी निळी दिसत असेल तर आधी जेलकोटच वाचवा. रंग काय, पाच वर्षांनीही मारता येईल.

निळीबोट

खूप आभार, सगळं दोनदा वाचलं. स्पंज फिरवला, ओली असताना उजवी बाजू नाळेपासून मागच्या फळीपर्यंत एकसारखी गडद आहे. फक्त मागच्या कोपऱ्याशी तळहाताएवढा एक फिकट ढग दिसतोय. रबर पट्टीचे दोन स्क्रू काढून टॉर्च धरला. निळा थर स्पष्ट दिसतो, माझ्या अंगठ्याच्या नखाच्या जाडीचा. बघताना अंगावर काटा आला, इतकी वर्षं ही बोट बघतेय आणि हे कधी दिसलं नव्हतं.

दोन शंका. ढगाचं काय करू? आणि रबर पट्टीखाली कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा आहेत, चार-पाच, एकाच जागेतून निघालेल्या. त्या घासून जातील का? नावाबद्दल अजून मनाची तयारी होत नाहीये.

साचेवाला

नखाएवढा थर म्हणजे चांगली बातमी. ढगाला टेप लावून वगळा. शेवटी तिथे हाताने बारीक पॉलिश आणि वॅक्स, बस्स. तो थोडा फिका राहील, राहू द्या.

चिरा घासून जाणार नाहीत. एका जागेतून फुटलेल्या चिरा म्हणजे तिथे कधीतरी धक्का बसलाय किंवा ती जागा वाकते. आतून हात लावून दाबून बघा. हलत असेल तर आधी आतून मजबुती द्यायची, नाहीतर भरलेल्या चिरा परत येतील. हलत नसेल तर टोकदार हत्याराने प्रत्येक चीर इंग्रजी व्हीसारखी उघडायची, एसिटोनने पुसायची आणि जेलकोट पेस्टने किंचित फुगीर भरायची. हार्डनर १ ते २ टक्के, त्याहून जास्त नको. तो घालताना डोळ्यांवर चष्मा हवाच, एक थेंब डोळा कायमचा घालवू शकतो. जेलकोट हवेशी लागलेल्या बाजूने चिकटच राहतो, म्हणून वरून पारदर्शक प्लास्टिक दाबून चिकटवा. घट्ट झालं की काढा आणि ब्लॉकने घासून सपाट करा.

नावाला आजच्या आज हात लावायची गरज नाही. आधी टेपने चारही कोपऱ्यांना खुणा करा, ट्रेसिंग पेपर ताणून लावा आणि अक्षरं गिरवून घ्या. त्या पट्ट्यात मशीन नको, ८०० नको. फक्त १५०० हाताने, पावडर जाईपर्यंत, मग हातानेच थोडं कंपाउंड. अक्षरं पुसट पण दिसत राहतील. नवीन अक्षरं त्याच मापाची कापून त्यांच्यावरच चिकटवा. ती लागेपर्यंत त्या जागी वॅक्स लावू नका, चिकटणार नाहीत.

निळीबोट

उजवी बाजू झाली. चार दिवस लागले. चौकोनात कंपाउंडने काही होईना, १००० नेही अर्धवटच, शेवटी ८०० वर तो बारीक आवाज आला. तुम्ही लिहिलं होतं म्हणून कळलं, नाहीतर मी घासतच बसले असते. दुसऱ्या दिवशी पेन्सिलच्या जाळीचा कंटाळा येऊन एक भाग तसाच केला. कंपाउंडनंतर तिथे नेमके ८०० चे ओरखडे दिसले, तो परत केला. आता बाजूत समोरच्या कुंपणाच्या तारा मोजता येतात. पाणी मारलं की मणी होऊन पळतं.

चिरांची जागा आतून हलत नाही, त्या भरल्या. निळा जुळायला तीन नमुने लागले, अजूनही जवळून कळतंच.

नावाच्या पट्ट्यावर फक्त १५०० मारला. गिरवलेला कागद पुन्हा धरून बघितला, रेघेवर रेघ बसते. एका अक्षराची मात्रा बाबांनी जरा वाकडी कापली होती, ती तशीच वाकडी कापायला दिली आहे.

पुढच्या आठवड्यात डावी बाजू. तिला ८०० लागेल असं वाटत नाही, थेट १००० ने सुरू करू का?

साचेवाला

आधी नुसतं कंपाउंड, एका चौकोनात. तिला ऊन कमी लागलंय.